मुख्याध्यापकांची सही व शिक्का

आमच्या घरात विद्यार्थी दोन आहेत आणि शाळा एकही नाही. चिरंजीव आणि सूनबाईंनी मिळून असं ठरवलं, की रेवा आणि ओम यांना शाळेत घालायचं नाही, घरीच शिकवायचं. हे मला कळलं त्या दिवशी मी दुपारचा चहा घेतला नाही. आमच्या घराण्यात शाळा बुडवणारे पुष्कळ होऊन गेले. पण बुडवायला शाळाच नाही, असे हे पहिलेच.

हळूहळू मला सवय झाली. लोकांना झाली नाही. पुण्यात ‘कुठल्या शाळेत?’ या प्रश्नाला ‘घरीच’ असं उत्तर दिलं की समोरचा माणूस आवाज खाली आणतो आणि विचारतो, “का हो? तब्येत बरी नसते का?”

अशात तो नळाचा प्रकार झाला. सोसायटीच्या टाकीचा बॉलकॉक बिघडला होता आणि पाइपातून पाणी खाली सांडत होतं. आम्ही मोठी माणसं रोज त्याच्यावरून उडी मारून जात होतो. रेवानं त्याखाली बादली लावली आणि घड्याळ घेऊन बसली. पंधरा लिटरची बादली चाळीस मिनिटांत भरली. म्हणजे दिवसाला छत्तीस बादल्या, ५४० लिटर! तिनं हा हिशेब कागदावर मांडून नोटीस बोर्डावर लावला. सेक्रेटरींनी तो दोनदा वाचला आणि मला जिन्यात गाठलं.

“नाना, ही पोरगी साधी नाही. गिफ्टेड आहे, गिफ्टेड! टॅलेंट सर्चला बसवा तिला.”

“आणि पाण्याचं?” मी विचारलं.

“ते बघू हो मीटिंगमध्ये.”

खरं सांगतो, मी पाण्याचं विसरलो. ‘गिफ्टेड’ हा शब्द डोक्यात असा काही घुमू लागला, की त्याच संध्याकाळी अप्पा बळवंत चौकात जाऊन मी एक जाडजूड गाईड घेऊन आलो. फॉर्मही मिळवला. नाव, जन्मतारीख झरझर भरली आणि पुढच्या रकान्यावर पेन अडलं. शाळेचं नाव. त्याच्याखाली ‘मुख्याध्यापकांची सही व शिक्का’. आता मुख्याध्यापक कोण? विचार करता सूनबाईच. सही त्या करतील, पण शिक्का? दोनशे रुपयांत रबरी शिक्का करून मिळतो हे मला ठाऊक होतं. आयुष्यभर बँकेत इमानानं शिक्के मारलेला मी माणूस, सत्तरी उलटल्यावर एका बोगस शाळेचा शिक्का करवून घ्यायला निघालो होतो. म्हणजे बघा, या परीक्षेत काय ताकद आहे!

सूनबाईंनी फॉर्म पाहिला. म्हणाल्या, “बाबा, बसवायला माझी ना नाही. पण पास झाली तर आपण वेगळं काय करणार?”

मी उत्तर शोधायला लागलो, आणि आठ दिवस झाले तरी मला ते सापडलं नाही. म्हणून मी उलट बाजूनं वाचायला बसलो, आणि आता तर त्या सगळ्या टॅलेंट सर्चवाल्यांशी माझं जाहीर भांडण आहे.

या प्रकाराचा एक मोठा पुरस्कर्ता म्हणजे अमेरिकेतले ज्युलियन स्टॅन्ली नावाचे प्राध्यापक. १९७२ साली त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कॉलेज प्रवेशाचा गणिताचा पेपर सोडवायला दिला. विचार चांगलाच होता. वर्गातल्या सोप्या पेपरात दहा मुलांना पैकीच्या पैकी पडतात. त्यातलं कोण तिथंच थांबणार आणि कोण पाच यत्ता पुढं पळणार, हे त्या पेपरातून समजत नाही. समजलं, तर पुढं पळणाऱ्याला वर्गातून सोडवून त्याच्या जोगं गणित देता येतं. आपल्याकडेही १९६३ साली दिल्लीत प्रज्ञाशोध सुरू झाला, तो हुशार मुलांना विज्ञान शिकायला शिष्यवृत्ती द्यावी म्हणून. तेव्हा शोध हा पुढच्या मदतीसाठी होता. ती राष्ट्रीय योजना २०२१ नंतर थांबली. तिच्या नावाशी यमक जुळवून निघालेल्या खासगी परीक्षांचं पीक मात्र जोरात आहे. त्यांची मदत पदकापाशी संपते.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. स्टॅन्लीसाहेबांचा पेपर ही वर्गात कोंडलेल्या मुलासाठी केलेली किल्ली आहे. आमच्या रेवाला कोंडलंय कुणी? मंगळवारी अपूर्णांक जमले की बुधवारी ती दशांशाला लागते. नाही जमले तर पुढचा मंगळवारही अपूर्णांकांचा. तिच्यापुढे पंचेचाळीस मुलांची रांग नाही आणि मागेही नाही. ज्या घराला कुलूपच नाही, त्या घरासाठी किल्ली करवून आणायची आणि वर ती गळ्यात घालून गल्लीतून मिरवायची, याला काय म्हणावं?

यावर लोक म्हणतात, “पण आपण कुठं आहोत, ते कळायला नको का?” कुणाला कळायला? रेवाला काय येत नाही, ते रेवाला ठाऊक असतं. तिच्या आईला तर त्याहून जास्त. कळायचं असतं ते सेक्रेटरींना, आत्याबाईंना आणि मला.

दुसरे म्हणतात, “स्पर्धेची सवय नको का?” अहो, चौदा वर्षं पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावीला बसता येतं, तेव्हा होईल की सवय. डबक्यात पोहायला शिकवण्यासाठी मुलाला आधी सर्दीची सवय करतात का?

तिसरे म्हणतात ते मात्र मला पटतं. घरी शिकणाऱ्या मुलाला आपल्यासारखं डोकं चालणारी सोबत मिळत नाही. खरं आहे. पण सोबत परीक्षागृहात मिळते का? तिथं तर शेजाऱ्याकडे नुसतं पाहिलं तरी पेपर काढून घेतात! आयुकाच्या मुक्तांगणात रेवाला दोन मैत्रिणी मिळाल्या, त्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडता जोडता. त्यांचा क्रमांक कितवा, हे तिनं अजून विचारलेलं नाही.

आणि ही चाळणी तरी कितपत विश्वासाची? १९२१ साली कॅलिफोर्नियात टर्मन नावाच्या प्राध्यापकांनी बुद्धिमत्ता चाचणी घेऊन दीड हजारांवर हुशार मुलं निवडली आणि जन्मभर त्यांच्यावर लक्ष ठेवलं. त्यातल्या एकालाही नोबेल मिळालं नाही. मिळालं कुणाला, तर या चाळणीतून खाली पडलेल्या दोघांना, शॉक्ली यांना १९५६ साली आणि अल्वारेझ यांना १९६८ साली.

ही सगळी माहिती मी एका रात्री चिरंजीवांना ऐकवली. ते भांडी पुसत होते. ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, “बाबा, तुम्ही पेढे परत केले होते.”

१९९२ साल. त्याची चौथीची स्कॉलरशिप. निकालाच्या सकाळीच मी अर्धा किलो पेढे आणून ठेवले होते, इतकी मला खात्री. यादीत नाव नव्हतं. मी पुडा उचलला आणि दुकानात परत देऊन आलो. पुण्यातल्या दुकानदाराला विकलेला माल परत घ्यायला लावला, हा किस्सा मी पुढं कित्येक वर्षं बँकेत रंगवून सांगत असे. लोक पोट धरून हसत. नऊ वर्षांचं पोर त्या वेळी दारात उभं राहून पुडा जाताना बघत होतं, हे किश्श्यात कधी आलंच नाही.

मुलं घरी का शिकतात, हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं. आता विचारायची गरज उरली नाही.

फॉर्म मी फाडला नाही, उगीच नाटक कशाला? गाईड रेवाला दिलं. तिला हौस वाटली तर बसेल परीक्षेला. शिक्क्याचं तेव्हा बघू. तिनं त्यातली कोडी तेवढी सोडवली आणि तिसऱ्या पानावरचं छापील उत्तर चुकल्याचं दाखवून दिलं.

मग आम्ही दोघांनी प्लंबरला बोलावलं. तो वर चढला, म्हणाला, “वायसर गेलाय.” वायसर वीस रुपयांचा. दहा मिनिटांत पाणी बंद. रेवानं अर्धा तास बादली लावून खात्री केली: शून्य लिटर.

मी तडक त्याच दुकानात गेलो. अर्धा किलो पेढे घेतले.

“कसला निकाल?” दुकानदारानं विचारलं.

“नळ थांबला,” मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि पुडा बांधला. घरी पहिला पेढा मी चिरंजीवांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो थोडा वेळ तसाच धरला, आणि मग खाल्ला.