भात कापून झाल्यावर शेतीदर्शन

या आठवड्यात उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मधल्या एका शाळेचं सहलीचं पत्रक हाती पडलं. ‘आदिवासी संस्कृती आणि शेतीदर्शन’. जानेवारीतला शनिवार, सकाळी सातला बस, कर्जतकडचं एक पर्यटन केंद्र. ट्रॅक्टरची फेरी, चुलीवरची भाकरी, वारली चित्रं, तारपा नाच, संध्याकाळी परत. मुलांना डोंगरात न्या, असं या स्तंभातून मी सतत लिहीत आलो आहे, त्यामुळे शाळा बाहेर पडतायत याचा आनंदच आहे. माझं भांडण तारखेशी आहे.

मलंगगडाच्या पायथ्यापासून मुरबाड-कर्जतपर्यंत आपल्या डोंगरात जानेवारीत पावसाळी शेती संपलेली असते. भात कापून, झोडून झालेलं असतं. उतारावरच्या वरकस जमिनीतली नागली-वरई घरात आलेली असते. पुढच्या रोपांसाठी राब भाजायला अजून अवकाश असतो. बहुतेक खाचरांत उरतात ती धसकटं. ती दाखवून मुलांना शेती कशी कळणार?

आणि माणसं? कातकऱ्यांच्या कितीतरी वाड्यांवर तेव्हा झोपड्यांची दारं बंद असतात. पावसाळ्यात हातात पैसा नसतो तेव्हा भट्टीमालकाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी, कल्याण, मुरबाडच्या वीटभट्ट्यांवर उतरतात, ती पावसाच्या तोंडावरच परततात. म्हणजे आपली पोरं आदिवासी बघायला डोंगर चढतात, तेव्हा डोंगरातली पोरं आपल्या दाराशी आलेली असतात.

या दोन प्रवासांचा विचार करा. दोन्हीकडे पोर दहा वर्षांचं. एक सहलीचे पैसे भरून, डबा घेऊन बसमध्ये बसतं. दुसरं आईबापाबरोबर टेम्पोतून येतं, आणि सोबत भांडीकुंडी, कोंबड्या, धाकटी भावंडं. पहिल्याचा एक दिवस शाळेबाहेर जातो, दुसऱ्याचं अर्धं वर्ष. पहिलं केंद्राच्या भिंतीवरची रंगवलेली वारली माणसं वहीत उतरवतं. दुसरं पहाटे उठून विटांच्या ओळीत वाकतं. साच्यातून काढलेली ओली वीट उन्हात जरा आवळली की कुशीवर उलटवावी लागते. हात हलका हवा, म्हणून हे काम पोरांकडे येतं. मजुरी हजार विटांमागे ठरते, त्यामुळे कड मोडू नये याची धास्ती त्या पोरालाही असते. सहलीची बस अशाच भट्ट्यांवरून जाते. आत गाण्यांच्या भेंड्या रंगलेल्या असतात. खिडकीबाहेर आदिवासी जीवन चालू असतं, पण ते पत्रकात नसतं.

तारपा तर या सहलीत हमखास असतो. तो डहाणू-जव्हार-तलासरीकडचा, वारली आणि कोकणा जमातींचा. आपल्या शेजारचे ठाकर आणि कातकरी. ठाकरांचे ढोलनाच, त्यांची गाणी मुलांच्या कानावर पडतच नाहीत. सगळे आदिवासी एकाच ठशाचे, असं मूल समजून बसतं.

बारवी धरणाचा विषय मी प्रत्येक लेखात आणतो, अशी तक्रार येते. आजही आणतो. आपल्या नळाला एमआयडीसीकडून येणाऱ्या पाण्यामागे १९७२ साली उभं राहिलेलं बारवी धरण आहे. त्याची उंची वाढवताना मुरबाड तालुक्यातली तोंडली, काचकोली, मोहघर अशी गावं उठली. फाळणीत घरदार सोडून आलेल्या माणसांनी वसवलेल्या शहरातल्या मुलांना उठवलेलं गाव म्हणजे काय, हे फार समजावून सांगावं लागणार नाही. घरी आजी-आजोबांना विचारलं तरी पुरे. सहलीत तेही असायला हवं.

शाळेनेच वेळ बदलायची असते, हे जुन्या ठाणे जिल्ह्याला नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखणारी पोरं वर्गात येईनात, म्हणून तिथे कुरणशाळा निघाली. विधायक संसद या संस्थेने तर भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या; भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुरांची झोपडी. मुलाचं आयुष्य ज्या घडीला जिथे असतं, तिथे त्या घडीला शाळेने हजर व्हायचं. हाच नियम सहलीला लावा.

आषाढात न्या. तेव्हा राबातली रोपं उपटून मुठी बांधलेल्या असतात, आवणीला माणूस कमी पडत असतो. मुलांना तासभर चिखलात उभं करा. वाकून लावलेली एक ओळ सरळ येते का, हे त्यांचं त्यांना कळू द्या. पावसात मुलांना सांभाळणार कोण, असं मुख्याध्यापक विचारतील. धबधबे आणि धरणाचा काठ टाळा. खाचरात पाणी घोट्याएवढंच असतं. एसटी शालेय सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत देते. वाचलेले पैसे आणि केंद्राची प्रवेश फी ज्याच्या शेतात उतराल त्या कुटुंबाला द्या, त्याला आधी विचारून.

वर्षाचं नियोजन शाळा जूनमध्ये करतात. त्यात आषाढातला एक दिवस शेतासाठी लिहा आणि जानेवारीतला तो शनिवार जवळच्या भट्टीसाठी राखून ठेवा. तिथल्या पोरांचं नाव कुठल्या शाळेच्या पटावर आहे आणि ती त्या शाळेत का नाहीत, हे आपल्या मुलांनी आपल्या शिक्षकांना विचारलं पाहिजे.