पाण्याबाहेर राहून माशांशी वैर

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, असे आपले पूर्वज सांगून गेले. पाण्याबाहेर राहून ते करायला मात्र त्यांनी कुठेही मनाई केलेली नाही. या पळवाटेचा भरपूर फायदा घेणारी जी मंडळी आहेत त्यांत मीही होतो. ‘होतो’ म्हणतो, कारण आता सुधारलो आहे. आणि दारू सोडलेल्या माणसाइतका दारूबंदीचा कडवा पुरस्कर्ता दुसरा कोणी नसतो.

तेव्हा माझा आरोप सरळच मांडतो. घराघरांतल्या काचेच्या टाक्यांमधले मासे फारसे उपासमारीने मरत नाहीत, मांजरानेही मरत नाहीत. ते स्वच्छतेने मरतात. तुमच्याआमच्या, पदर खोचून आणि बाह्या सरसावून केलेल्या स्वच्छतेने!

माझ्या नातीला वाढदिवसाला कोणीतरी काचेचा गोल बाऊल आणि दोन गोल्डफिश दिले. बाऊल एवढा, की त्यात फार तर पावशेर साबुदाणा भिजला असता. मी चौकशीला दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, “काही कटकट नाही हो आजोबा. दर रविवारी पाणी बदललं की झालं.”

मी पडलो निवृत्त माणूस. रविवार साजरा करायला काहीतरी निमित्त हवेच होते. मासे पातेल्यात काढायचे. (‘आमटीचं पातेलं घेऊ नका’ हे वाक्य आमची ही दर रविवारी न चुकता म्हणे, आणि मी दर रविवारी न चुकता तेच घेई.) मग खडे भांड्याच्या पावडरीने घासायचे, काच घासायची, आणि नळाचे ताजे, थंडगार पाणी भरायचे. बाऊल असा लखलखे की शेजारच्या काकू मुद्दाम बघायला येत. सोमवारी सकाळी त्यातला एक मासा आडवा असे.

मग नवा मासा, नवा रविवार, नवा सोमवार. आठवड्यातून एक सुतक. आम्ही छोटी टाकी घेतली, तिला स्पंजचा फिल्टर लावला. मी तोही नळाखाली धरून खसाखसा पिळू लागलो. चार महिन्यांत सात मासे गेले.

नात रडायला लागली की काकू तिला जवळ घेऊन सांगत, “रडू नये बाळा. घरावरचं संकट त्यानं आपल्या अंगावर घेतलं.” वाचकहो, ही समजूत तुम्हीही ऐकली असेल. माझा तिच्यावर राग आहे. त्या चार महिन्यांत माझा गुडघा धरला, लिफ्ट दोनदा बंद पडली आणि धाकटे मेहुणे आठ दिवस मुक्कामाला येऊन गेले. म्हणजे यायची ती संकटे आलीच. मेलेल्या माशाला हुतात्मा केले की मारणाऱ्याची चौकशी होत नाही, एवढाच त्या समजुतीचा उपयोग.

एके दिवशी नातीने विचारले, “आजोबा, मी तर दर रविवारी तुम्हाला मदत केली. मग तो का मेला?” या प्रश्नाने मला पुस्तके उघडायला लावली.

मासा पाणी कधी पितो ते कळत नाही, असे आपण म्हणतो. गोड्या पाण्यातला मासा ते जवळजवळ पीतच नाही. पाणी त्याच्या अंगात आपोआप मुरत असते. प्रश्न तो काय पितो हा नाहीच. तो पाण्यात काय सोडतो हा आहे. तो कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. अमोनियाला रंग नाही. पाणी आरशासारखे दिसते आणि आत मासा भाजत असतो.

या विषाचा बंदोबस्त काही जिवाणू करतात. पहिली पाळी अमोनियाचे नायट्राइट करते. तेही विषच, त्याने माशाचे रक्त तपकिरी पडते आणि प्राणवायू वाहून नेईनासे होते. दुसरी पाळी त्या नायट्राइटचे नायट्रेट करते, आणि ते बरेच निरुपद्रवी असते. विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास हे दोन पाळ्यांतले काम उजेडात आणले. म्हणजे बातमी काही ताजी नव्हे. आमच्या दुकानापर्यंत तेवढी पोचायची राहिली आहे.

आता खरी मेख. हे कामगार पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते खड्यांवर आणि स्पंजमध्ये वस्ती करून राहतात, आणि ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी दर रविवारी त्या वस्तीला भांड्याची पावडर लावीत होतो! वर नळाच्या पाण्यातले क्लोरीन. ते जिवाणू मारण्यासाठीच घातलेले असते. चांगला कोण आणि वाईट कोण, हे ते विचारीत बसत नाही. माशाचे कल्लेही ते सोडत नाही.

आता तुम्ही म्हणाल, “मग पाणी बदलूच नये. नदीत कोण बदलतं?” हा दुसरा पंथ. पहिला पंथ मासे रविवारी मारतो, हा सवडीने मारतो. अहो, नदी वाहते! टाकीतले नायट्रेट कुठे वाहून जाणार? काहीजण उडालेल्या पाण्याइतकी भर घालतात आणि ‘बदललं’ म्हणतात. पण उडते ते नुसते पाणी. क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात. 1850 साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने निसर्गाचा मेळ घालून दाखवला खरा; पण त्याने टाकीत मासे दोनच ठेवले, जोडीला पाणवनस्पती लावली, आणि तिची पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले तेव्हा ती खायला गोगलगाई सोडल्या. निसर्ग आपोआप बघून घेतो, पण त्यासाठीसुद्धा कोणीतरी गोगलगाई आणाव्या लागतात.

तिसरा गुन्हेगार म्हणजे आपला आग्रह. पाहुणा आला की तो टाकीत चिमूटभर दाणे टाकणार. मासे वर आले की “भुकेले दिसतायत” म्हणून आणखी एक चिमूट. पंगतीतला जिलबीचा आग्रह ठीक आहे. तिथे उरलेली जिलबी कुजून पाहुण्याच्या नाकात जात नाही. इथे उरलेला प्रत्येक दाणा कुजतो आणि त्याचा पुन्हा अमोनिया होतो. दोन मिनिटांत संपेल तेवढेच घाला.

सातव्या माशानंतर मी शंभर लिटरची टाकी आणली. खडे, फिल्टर, वनस्पती, सगळे लावले, आणि मासे आणलेच नाहीत. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकून ते कुजू दिले, म्हणजे येणाऱ्या जिवाणूंना काहीतरी काम मिळावे. सहा आठवडे आमच्या घरी नुसते पाणी पाळले होते! लोक विचारीत, “मासे कुठायत?” मी सांगे, “अजून पाणी तयार व्हायचंय.” यावर ते हिच्याकडे सहानुभूतीने बघत. मी मात्र थेंब घालून पाण्याचा रंग तपासायची बाटली आणली होती. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य झाल्यावरच दोन गोल्डफिश आले.

आता दर रविवारी फक्त पाव भाग पाणी काढतो. नवे पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडे ठेवतो, म्हणजे क्लोरीन उडून जाते. (काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन असते, ते असे उडत नाही, तिथे सोडियम थायोसल्फेटचे थेंब लागतात. फोटो धुणाऱ्यांचा ‘हायपो’ तो हाच.) नवे पाणी जुन्याइतकेच कोमट आहे ना, ते हाताने बघतो. स्पंज खराब झालाच तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच विसळतो. बस्स. आमटीचे पातेलेही सुटले.

नातीला मी खरे ते सांगितले. “संकट वगैरे काही नव्हतं गं. आपल्याला ठाऊक नव्हतं, म्हणून ते आपल्या हातून मेले.” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे आता नाही मरणार?” त्यानंतर ती रडली नाही. मुलांना खोट्या सांत्वनापेक्षा खरी चूक जास्त झेपते, हे मला या वयात कळले.

परवा काकू आल्या होत्या. चष्मा वर करून त्यांनी टाकीतले तपकिरी झालेले खडे पाहिले. “अगंबाई, काय हे! आण, घासून देते पटकन.”

नात दोन्ही हात पसरून टाकीपुढे उभी राहिली.

“काकूआजी, नको,” ती म्हणाली, “तिथं माणसं राहतात.”