चुना न लावलेली तंबाखू

सिगारचा धूर छातीत घेत नाहीत, तोंडात घोळवून सोडून देतात. मग त्याने अपाय कसा होईल? गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला दवाखान्यात वारंवार विचारला जाऊ लागला आहे. विचारणारे बहुधा तिशीतले, सुशिक्षित आणि गुटख्याकडे तुच्छतेने पाहणारे असतात. कोणी परदेशी प्रकल्पावरून परतलेला असतो, तर कोणाला मेजवानीत वरिष्ठांनी पुढे केलेला सिगार नाकारणे जड गेलेले असते. प्रश्न मुळीच मूर्खपणाचा नाही. त्यात अर्धे सत्य आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तर सविस्तर द्यावयास हवे.

हा समज रुजतो कोठे, हे गेल्या वर्षी न्यू जर्सीस भाच्याकडे गेलो असता पाहावयास मिळाले. भाच्याला मुलगी झाली होती. आपण पेढे वाटतो तसे तिकडे मूल झाल्यावर बापाने मित्रांना सिगार वाटण्याची जुनी चाल आहे. त्याने स्वतः आजवर सिगार हातात धरलेला नव्हता. "मामा, तुम्ही नुसते सोबत चला," असे म्हणून तो मला त्यांच्या गावातल्या सिगारच्या दुकानात घेऊन गेला.

आपल्याकडील पानपट्टीशी त्या दुकानाचे काहीच नाते नव्हते. मागच्या बाजूस काचेची एक बंद खोली होती. तिच्यात देवदाराच्या फळ्यांवर सिगारांच्या उघड्या पेट्या मांडलेल्या होत्या. तेथील हवेत सुमारे ७० टक्के आर्द्रता राखलेली असते. हवा कोरडी पडली की वरचे पान तडकते. आत ओल्या लाकडाचा, वाळल्या गवताचा आणि किंचित गोठ्याचा वास येत होता. क्यूबाचा माल मात्र तेथे नव्हता. १९६२ पासून अमेरिकेने त्या देशाशी व्यापार बंद ठेवला आहे, त्यामुळे फळ्यांवर होते ते निकाराग्वा, होंडुरास आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकातले.

दुकानदार वयस्क आणि अतिशय सौजन्यशील होता. नवखे गिऱ्हाईक पाहून त्याने भाच्याला महाग माल दाखविला नाही. कॉफी दुधाची घेता की काळी, हाताशी वेळ किती आहे, आज जेवण झाले आहे का, असे त्याने विचारले आणि फिकट पानाचा, सौम्य समजला जाणारा एक सिगार निवडून दिला. मग सूचना दिल्या. उपाशीपोटी ओढू नका. मिनिटाला एकच झुरका घ्या. धूर छातीत ओढू नका. जवळ काहीतरी गोड पेय ठेवा. डोके हलके वाटू लागले तर खाली ठेवून द्या, संपविलाच पाहिजे असे नाही.

नवख्याला याहून प्रामाणिक सल्ला दुसरा कोणी देणार नाही. परंतु डॉक्टरच्या कानांना त्यात निराळेच काही ऐकू येते. या साऱ्या सूचना विषबाधा टाळण्याच्या आहेत. प्रथमच तंबाखू खाणाऱ्यास घाम फुटतो, मळमळते, गरगरते. आपल्याकडे 'तंबाखू लागली' असे म्हणतात. सिगार ओढणाऱ्या नवख्याचे होते ते तेच. साखरेने थोडा धीर येत असेल, पण रक्तात शिरलेले निकोटिन तिने उतरत नाही. ते मुख्यतः यकृत निकामी करते आणि त्याचे प्रमाण निम्म्यावर यावयास सुमारे दोन तास लागतात. मग धूर छातीत गेलाच नसेल, तर हे निकोटिन रक्तात आले कोठून?

येथे आपल्या ओळखीची एक वस्तू उपयोगी पडते: चुन्याची डबी. तंबाखू मळताना चुना का लावतात, हे मी अनेक रुग्णांना विचारले आहे. "नुसती तंबाखू लागत नाही हो, डॉक्टर," हे उत्तर ठरलेले. ते शास्त्रशुद्ध आहे. चुना क्षारधर्मी असतो. त्याच्या संयोगाने तंबाखूतले निकोटिन मोकळे होते आणि गालाच्या आतल्या नाजूक अस्तरातून सरळ रक्तात उतरते. सिगारेटचा धूर किंचित आम्लधर्मी असतो, तोंडातून तो फारसा शोषला जात नाही, म्हणून सिगारेट ओढणारा तो छातीत भरून घेतो. सिगारची तंबाखू मात्र हवेवर वाळवून, ढीग घालून आंबवलेली असते. तिचा धूर मुळातच क्षारधर्मी निघतो आणि सिगार जळत शेवटाकडे येतो तसा अधिकच होतो. चुना न लावताही चुन्याचे काम झालेले असते. छातीत न घेताही तो 'लागतो' तो यामुळे.

प्रमाणही ध्यानात घ्यावे. सिगारेटमध्ये एक ग्रॅमहून कमी तंबाखू असते. मोठ्या सिगारमध्ये ती ५ पासून २० ग्रॅमपर्यंत असू शकते, म्हणजे कधीकधी सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी. असा सिगार तासभर, कधी दोन तासही चालतो. तेवढा वेळ ओठ, जीभ, हिरड्या आणि टाळू त्या धुरात असतात, आणि धुरात मुरलेली लाळ गिळली जाते ती अन्ननलिकेत. आंबवण्याच्या क्रियेत कर्करोगकारक नायट्रोसमाइन द्रव्येही वाढतात. अमेरिकेतील सात मोठ्या सिगार कंपन्यांनी २००० साली सरकारशी तडजोड करून वेष्टनांवर इशारे छापण्याचे मान्य केले. धूर आत घेतला नाही तरी तोंडाचा व घशाचा कर्करोग होऊ शकतो, हा त्यांपैकीच एक. सिग्मंड फ्रॉइड हे स्वतः डॉक्टर होते आणि सिगारचे निस्सीम भोक्ते. १९२३ मध्ये त्यांच्या तोंडात कर्करोग आढळला. पुढील सोळा वर्षांत तिसांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तरी सिगार सुटला नाही.

परतताना गाडीत भाचा बराच वेळ गप्प होता. त्याचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, गालाच्या कर्करोगाने गेले. त्यांना तंबाखू-चुन्याची सवय होती, आणि "मी गिळत नाही, थुंकतो," हे त्यांचे ठरलेले समर्थन असे. भाच्यानेच ते वाक्य काढले. मी त्यावर काही बोललो नाही.

वर्षातून एखादा सिगार ओढणाऱ्यास कर्करोग होणारच, असे मी सांगणार नाही. खोटी भीती घातली की रुग्ण आपल्या खऱ्या सांगण्यावरचाही विश्वास सोडून देतो. धोका वाढतो तो सिगारांच्या संख्येबरोबर आणि वर्षांबरोबर. पण निकोटिनची सवय अशा सभ्य, निवांत, मित्रांच्या बैठकीतच जडते, हे मी पुष्कळ पाहिले आहे. सर्वाधिक चिंता वाटते ती सिगारेट सोडून 'निदान सिगार तरी' म्हणणाऱ्यांची. त्यांच्या फुप्फुसांना जुनी सवय असते आणि नकळत ते हाही धूर खोल ओढतात. त्यांचे हृदय आणि फुप्फुसे तेव्हा पुन्हा पहिल्याच वाटेवर येतात.

घरात तान्हे मूल असेल तर आणखी दोन गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते. सिगार तासभर जळतो, म्हणून बंद खोलीतला त्याचा धूर एका सिगारेटच्या धुराहून कितीतरी अधिक असतो, आणि खिडकी उघडल्याने तो पुरेसा निघून जात नाही. दुसरी गोष्ट थोटकाची. मोठ्या सिगारच्या तंबाखूत १०० ते २०० मिलिग्रॅम निकोटिन असते. अर्धवट ओढून रक्षापात्रात ठेवलेला तुकडा रांगत्या मुलाने तोंडात घातला तर ओकाऱ्या, झटके, श्वास मंदावणे इथवर मजल जाऊ शकते. असे घडल्यास मीठ-पाणी पाजून ओकारी काढण्यात वेळ न घालवता तोंडातील तुकडे बोटाने काढावेत आणि तडक रुग्णालय गाठावे. भाच्याने आणलेली पेटी मी त्याला वरच्या कपाटात ठेवावयास लावली. तिचे पुढे काय झाले, ते मी विचारलेले नाही.

ज्यांनी काही वर्षे सिगार ओढला आहे, त्यांनी महिन्यातून एकदा चूळ भरून, लख्ख उजेडात आरशासमोर तोंड तपासावे. गाल आतून, हिरड्या, जिभेच्या कडा, जिभेखाली आणि टाळू. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा तांबडा डाग, दोन आठवड्यांनंतरही न भरलेला व्रण, यांपैकी काहीही दिसल्यास, किंवा आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात मावत नसल्यास, दुखत नाही म्हणून थांबू नये. आरंभीचा कर्करोग बहुधा दुखतच नाही. सोडण्याची इच्छा असूनही सुटत नसेल, त्यांच्यासाठी भारत सरकारची विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे: १८००-११-२३५६.