अ, ब, क, ड आणि पेठ

पुण्यातल्या मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्याखाली भाजी घेणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की ही वास्तू बांधायला ज्यांनी पालिकेत विरोध केला, त्यांचेच नाव आज तिला आहे? जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. निवडून आलेले नव्हे, सरकारनियुक्त. तरीही व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा विषय आला तेव्हा विरोधात मत देणारे ते एकटे होते. आणि मंडईवर पैसा ओतण्याऐवजी तो शिक्षणावर खर्च करा, हेही त्यांनीच सांगितले. मंडई १८८६ मध्ये उभी राहिलीच आणि तिला गव्हर्नर रे यांचे नाव मिळाले. पुढे १९२५ मध्ये केशवराव जेधे यांनी याच पालिकेत फुल्यांच्या पुतळ्याचा विषय आणला, तेव्हा पेठा पेटल्या. दिनकरराव जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ त्याच वादळातले. अखेर १९३८ मध्ये निवडून आलेल्या आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने रे साहेबांची पाटी उतरली आणि फुल्यांची चढली.

हा इतिहास उगाळण्याचे कारण जानेवारी २०२६ मधली महापालिका निवडणूक. तीत प्रभाग क्रमांक २५ चे नाव होते ‘शनिवार पेठ-महात्मा फुले मंडई’. शेजारचा २४ कसबा गणपतीपासून रुग्णालयांची नावे घेत पूर्वेकडे पसरलेला. या प्रभागांतल्या मतदाराने १५ जानेवारीला एक नव्हे, चार मते दिली. अ जागेसाठी एक, ब साठी एक, मग क, मग ड. एखाद्या जागेवर कोणीच पसंत नसेल तर तिथे ‘नोटा’ दाबायचा, पण दाबायचा. घराबाहेर पडताना एखादे नाव मनात धरून निघालेला माणूस यंत्रासमोर उभा राहिला की त्याला चार परीक्षा एकदम द्याव्या लागतात, आणि तो बहुधा एकाच चिन्हाची बटणे दाबून सुटका करून घेतो. पक्षांना नेमके हेच हवे असते.

ही चारची पद्धत काही दगडावरची रेघ नाही. पुण्यात २००२ मध्ये तीन सदस्यांचे प्रभाग होते. २००७ मध्ये एका वॉर्डाला एक नगरसेवक. २०१२ मध्ये दोन. २०१७ मध्ये चार. मग महाविकास आघाडी सरकारने तीनचा आकडा ठरवला, त्याप्रमाणे नकाशे निघाले, हरकती घेतल्या गेल्या, आणि २०२२ मध्ये सरकार बदलताच तो आकडा पुन्हा चारवर आला. म्हणजे पाव शतकात पुण्याच्या मतदाराला एकच प्रभागरचना लागोपाठ दोनदा मिळाली, तीही मध्ये पावणेचार वर्षे प्रशासकाचा अंमल भोगून. यात काँग्रेस-राष्ट्रवादीची सरकारे आहेत, भाजप-शिवसेनेचे आहे, तिघांच्या आघाडीचे आहे. कोणी कोणाला बोट दाखवावे अशी स्थिती नाही. राज्यात जो सत्तेत असतो, तो पुढच्या महापालिकेचा हिशेब मांडतो आणि त्याला जुळेल असा आकडा कायद्यात घालतो. मुंबई मात्र या खेळातून बाहेर आहे. तिथे १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे, एका प्रभागाला एकच नगरसेवक आहे. जी गोष्ट गिरगावच्या मतदाराला झेपते ती शनिवार पेठेतल्याला का झेपू नये, याचे उत्तर आजवर कोणत्याही नगरविकास मंत्र्याने दिल्याचे आमच्या कानी नाही.

मध्यवस्तीत हा प्रश्न उपनगरांहून तिखट होतो, कारण पेठेतले राजकारण मुळात माणसांच्या ओळखीवर चालत आले. गणेश मंडळाचा कार्यकर्ता, मग मंडळाचा अध्यक्ष, मग तालमीतल्या, आळीतल्या लोकांच्या आग्रहाने नगरसेवक, हा इथला रुळलेला जिना. गिरीश बापट १९८३ मध्ये नगरसेवक झाले आणि १९९५ मध्ये कसब्याचे आमदार. मुक्ता टिळक पेठांतल्याच प्रभागातून २०१७ मध्ये निवडून येऊन महापौर झाल्या आणि दोन वर्षांनी विधानसभेत गेल्या. त्यांच्या निधनानंतर २०२३ च्या पोटनिवडणुकीत रवींद्र धंगेकरांनी भाजपचा जवळपास तीन दशकांचा गड घेतला. त्याचे विश्लेषण मोठमोठ्या शब्दांत झाले. पेठेतले लोक मात्र दुचाकीवरून फिरणाऱ्या, फोन उचलणाऱ्या नगरसेवकाविषयी बोलत होते. पुढच्या वर्षी विधानसभेत तेच धंगेकर पडले. पेठ कोणाला कायमचे देत नाही, पण ओळखते. ही ओळख वाड्याच्या, बोळाच्या मापाची असते. ती ८० हजारांहून अधिक लोकसंख्येच्या प्रभागाला ताणली की विरते.

त्यातही पेठांचे दुखणे वेगळे. इथली माणसे कमी होत आहेत. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटले, तेव्हा नदीकाठच्या नारायण, शनिवार, कसबा या पेठांतले वाडे वाहून गेले आणि कितीतरी कुटुंबे शहराच्या कडेला नव्या वसाहतींत गेली. त्यानंतरचे स्थलांतर पाण्याने नव्हे, भाड्याच्या कायद्याने, भावकीच्या दाव्यांनी आणि अरुंद रस्त्यांमुळे रखडलेल्या पुनर्विकासाने घडवले. मुले कोथरूडला, सिंहगड रस्त्याला गेली. वाड्यात उरले आजी-आजोबा, एखादा भाडेकरू आणि खालच्या मजल्यावर गोदाम.  दुसरीकडे २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पालिकेत आली. सभागृहातल्या १६५ जणांत पेठांचा आवाज त्यामुळे आपोआप बारीक झाला. त्यात वाईट काही नाही. वाढणाऱ्या वस्तीला तिचा वाटा मिळालाच पाहिजे. पण तो वाटा मोजायचा कशाने? जानेवारीतल्या निवडणुकीचे प्रभाग २०११ च्या जनगणनेवर आखले गेले. पंधरा वर्षांपूर्वीची माणसे मोजून आजचे प्रतिनिधी. कडेच्या प्रभागात त्यामुळे मतदार दाटले आणि मध्यवस्तीत नकाशा एक सांगतो, रात्री दिवे लागतात ती घरे दुसरेच सांगतात.

बहुसदस्य प्रभागाच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र हसण्यावारी नेता येत नाही. २०११ मध्ये महिलांचे आरक्षण ५० टक्के झाले. इतर मागासवर्ग, अनुसूचित जाती आहेतच. एकसदस्य वॉर्डात सोडत फिरली की संपूर्ण वॉर्ड आरक्षित होतो किंवा सुटतो; पाच वर्षे घाम गाळलेल्या नगरसेविकेला पुढच्या वेळी आपला वॉर्डच उरत नाही. चार जागांच्या प्रभागात महिलांसाठी जागा हमखास राहते. हे खरे आहे. पण त्याची किंमत कोण देतो? पक्षाच्या पॅनेलमध्ये जी स्त्री उभी राहते तिच्या प्रचाराची सूत्रे बहुतेक वेळा पॅनेलप्रमुखाकडे असतात, आणि पाच वर्षांत तिच्या नावावर झालेले काम शेजारच्या तिघांच्या फलकांखाली झाकले जाते. मुंबईत एकसदस्य वॉर्डातून निवडून आलेल्या स्त्रियांना आपले काम आपले म्हणून दाखवता येते. आरक्षणाची सोडत दोन कार्यकाळांतून एकदा फिरवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. त्यासाठी चौघांना एका दावणीला बांधायची गरज नाही.

आणि जो कोणाच्या पॅनेलमध्ये नाही त्याचे काय? या शहराने एकेकाळी नागरी संघटनेसारख्या स्थानिक आघाडीला डोक्यावर घेतले, नानासाहेब गोरे आणि भाई वैद्य यांना महापौर केले. आज एखाद्या प्राध्यापकाला किंवा मंडईतल्या गाळेवाल्याला अपक्ष उभे राहावेसे वाटले तर त्याने एवढ्या मोठ्या प्रभागात फिरायचे कसे, चहापाण्याचा खर्चही कोठून आणायचा? मोठा प्रभाग हा पैशाला आणि चिन्हाला सोपा, माणसाला अवघड.

कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद २००९ पासून आहे. वस्तीतल्या मतदारांनी एकत्र बसायचे, कामांचा क्रम लावायचा, नगरसेवकाला विचारायचे. पेठेत अशी सभा भरलेली कोणी पाहिली असेल तर त्याने जरूर कळवावे. चौघे नगरसेवक असताना ती बोलवायची कोणी, अ ने की ड ने, या प्रश्नावरच ती अडेल. बोळातले चेंबर तुंबले की हाच प्रश्न रोज पडतो. एकाला फोन करावा तर तो पाण्याचे बघतो, ड्रेनेजचे दुसरीकडे विचारा. दुसरा म्हणतो, तुमची गल्ली त्यांच्याकडे. चौघांनी प्रभाग आपापसांत वाटून घेतलेला असतो, हे मतदाराला निकालानंतर कळते. मतपत्रिकेवर असे काही लिहिलेले नव्हते.

प्रशासकाच्या काळात तर विचारायलाच कोणी नव्हते. घटनेचे कलम २४३-यू म्हणते की मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झाले जानेवारी २०२६ मध्ये, तेही सर्वोच्च न्यायालयाने कान धरल्यावर. ओबीसी आरक्षणाचा वाद हे एक कारण, पण प्रभागांच्या आकड्याशी चाललेला खेळ हे दुसरे, आणि ते पूर्णपणे मानवनिर्मित होते.

म्हणून या सभागृहाचे पहिले वर्ष संपण्याआधी राज्य सरकारने दोन गोष्टी कराव्यात. सर्व महापालिकांसाठी एक प्रभाग, एक नगरसेवक हे कायद्यात लिहावे आणि तो आकडा साध्या अध्यादेशाने फिरवता येणार नाही अशी तजवीज करावी. दुसरे, सीमा आखण्याचे काम आयुक्तांच्या कार्यालयातून आणि मंत्रालयाच्या मजल्यांवरून काढून पूर्णपणे राज्य निवडणूक आयोगाकडे, त्याच्या स्वतःच्या माणसांनिशी, सोपवावे. यातले काहीही २०३० मध्ये होणार नाही. तोवर २०२७ च्या जनगणनेचे आकडे हाती आलेले असतील, प्रत्येक पक्षाने पेठेपेठेचा हिशेब मांडलेला असेल आणि चार बरे की दोन, हे ज्याला त्याला ठाऊक झालेले असेल. आज ते कोणालाच नक्की ठाऊक नाही.