संध्याकाळ बाईचीही आहे

इटलीच्या सहलीचे फोटो हल्ली अंधेरीतल्या कितीतरी मोबाइलवर असतात. पिझ्झा, पास्ता, पिसाचा झुकलेला मनोरा. मला मात्र त्या देशातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. तिथे संध्याकाळी जेवणाआधी माणसं घराबाहेर पडतात आणि गावाच्या चौकात रमतगमत फेऱ्या मारतात. त्याला ‘पास्सेज्जाता’ म्हणतात. नवरा-बायको, आजी-आजोबा, बाबागाडीतलं मूल, सगळे असतात. मग आठच्या सुमारास निवांत जेवण. हॉटेलात बिलसुद्धा सहसा मागितल्याशिवाय येत नाही.

आपल्याकडे संध्याकाळ कोणाची असते? मगरिबनंतर मोहल्ल्यातल्या नाक्यावर, चहाच्या टपरीवर, कबाबच्या गाडीपाशी नजर टाका. पुरुषच पुरुष. बाई दिसलीच तर पार्सल घेऊन घाईने निघालेली. रमजानमध्ये मोहम्मद अली रोडवर, मीनारा मशिदीजवळ मालपुवा आणि फिरनी खायला सारी मुंबई लोटते. कुटुंबंही येतात, हे खरं. पण त्याच वेळी कितीतरी घरांत बाई इफ्तारची भांडी घासून सहरीच्या तयारीला लागलेली असते. त्या झगमगाटातलं तिच्या वाट्याला येतं ते थंड झालेलं पार्सल.

सातवीच्या वर्गाला मी ‘सुट्टीची संध्याकाळ’ हा निबंध देते, तेव्हा बहुतेक वह्यांत अब्बू बाहेर असतात आणि अम्मी स्वयंपाकघरात. मुलांना त्यात काही वावगं वाटत नाही. माझी काळजी तीच आहे.

जुन्या हॉटेलांत ‘फॅमिली रूम’ची पाटी असते. पाच पुरुष बसले तर ते गिऱ्हाईक. बाई एकटी आली तरी तिला दाखवतात ‘फॅमिली’कडे. बाहेरची खुर्ची तिची नाही, हेच ती पाटी सांगते.

काही जण लगेच दीनचा हवाला देतील. त्यांनी सहीह मुस्लिममधली हजरत अनस यांची रिवायत आठवावी. प्रेषितांचा (स.) एक इराणी शेजारी उत्तम रस्सा करत असे. तो जेवणाचं आमंत्रण घेऊन आला. प्रेषितांनी हजरत आयेशांकडे बोट करून विचारलं, आणि ही? तो नाही म्हणाला. प्रेषितांनीही नकार दिला. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा शेजारी हो म्हणाला, तेव्हा दोघं मिळून त्याच्या घरी गेले. जोडीने जेवायला जाणं ही पाश्चात्त्यांची नक्कल आहे, असं म्हणणाऱ्यांना याहून वेगळं काय सांगावं?

दोष फक्त घराचा नाही. महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्याने दुकानं आणि हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवायची वाट मोकळी केली. जानेवारी २०२० मध्ये मुंबईत मॉलमधली हॉटेलं रात्रभर चालू ठेवण्याची मुभा मिळाली. पण बाईला बाहेर थांबायचं तर आधी स्वच्छ शौचालय हवं, बसायला बाक हवा, चालण्याजोगा आणि उजेड असलेला फुटपाथ हवा. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्या ‘व्हाय लॉयटर?’ या २०११ च्या पुस्तकाचा आग्रह हाच आहे, की मुंबईच्या बाईला विनाकारण भटकण्याचाही हक्क असावा. डॉक्टर, बाजार, शाळा असं कारण सांगूनच तिने का बाहेर पडावं?

यासाठी इटलीला जायची गरज नाही आणि मोठ्या खर्चाचीही नाही. २०१४ पासून घाटकोपरहून थेट वर्सोव्यापर्यंत मेट्रो येते. वर्सोव्याच्या चौपाटीवर दोन कटिंग आणि एक भुट्टा पुरतो. त्या दिवशी घरी साधी खिचडी होऊ द्या, ती मुलग्यांनी लावावी, भांडीही त्यांनीच घासावीत. नाहीतर परत आल्यावर सगळं काम तिचंच, मग ती कशाला येईल?

आणि पुढच्या वेळी मित्रांचा फोन आला, कबाब खायला चल म्हणून, तर भावांनो, निघण्याआधी एवढंच विचारा: आणि ही?