भिंग घ्यावे ते कोणते?

छपराखालच्या खेळांशी आमच्या कृष्णाकाठाचे नाते जुने आहे. नंदू नाटेकर जन्माने सांगलीचे. १९५६ साली मलायातील सेलांगर स्पर्धा जिंकून परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळविले, तेही गादीवर, आपल्या तांबड्या मातीवर नव्हे. अगदी अलीकडे, २०२३ च्या मार्चमध्ये, पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने पटकावली. खेळ असे नामांकित. पण त्यांचे फोटो काढायला जावे, तर उजेड मात्र माजघरातला!

माझी नोकरी साताऱ्याची, घर सांगलीचे, आणि दोन्हीकडे गळ्यात कॅमेरा. त्यामुळे अलंकार-वृत्तांपेक्षा भिंगांच्या शंकाच माझ्याकडे अधिक येतात. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी आला. लग्नसराईत फोटो काढून हा आपली फी भरतो. धाकटी बहीण कुस्ती खेळते. आई स्पर्धेला कधी जात नाही. पोरीला कुणी उचलून आपटलेले तिला पाहवत नाही. भावाने काढलेले फोटो मात्र ती चष्मा पुसून पुसून पाहते. त्यांत दिसते काय, तर निळा-तांबडा धुरळा!

“सर, चौदा हजार साठलेत. दुकानदार म्हणतो, पंच्याहत्तर-तीनशेचं घे, पार पलीकडच्या टोकाचं दिसतं. घेऊ का?”

“अरे, तुला लांबचं पाहायचंय की हलणारं पाहायचंय?” मी विचारले. सगळी मेख इथेच आहे.

भिंगावर १.८, २.८, ५.६ असे आकडे असतात. भिंगाच्या केंद्रांतराला छिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा येतो. म्हणून आकडा लहान तितके छिद्र मोठे. प्रथम हे ऐकणाऱ्याला उलटे वाटते, पण बहुव्रीहीपेक्षा लवकर समजते. ५.६ पेक्षा १.८ वर सुमारे दहापट उजेड आत येतो. म्हणजे ज्या सभागृहात स्वस्त, लांब भिंगाने सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंतच शटर उघडे ठेवावे लागते, तिथे १.८ चे भिंग जवळजवळ हजाराव्या भागात काम उरकते. कुस्तीला पाचशेवा भाग बहुधा पुरतो. बॅडमिंटनचे मात्र विचारू नका. सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा वेग २०२३ मध्ये ताशी ५६५ किलोमीटर नोंदला गेला. रॅकेट सोडताना असल्या वेगाचे फूल सेकंदाच्या हजाराव्या भागातही अर्ध्या वितीहून अधिक पुढे सरकते! तेव्हा फुलाचा नाद सोडावा आणि खेळाडूचा चेहरा धरावा.

दुकानदार आणखी एक मंत्र म्हणतात: “यात स्थिरीकरण आहे, फोटो हलणार नाही.” ते स्थिरीकरण तुमच्या हाताचे, समोरच्या पैलवानाला ते स्थिर करीत नाही. फ्लॅशचे नावही काढू नये. ऐन पकडीत डोळ्यांवर लखलखाट झाला तर खेळाडूने काय करावे?

मग वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार वापरतात ते ७०–२०० चे २.८ वाले भिंग? उत्तमच. त्याचे छिद्र भरते सात सेंटिमीटरांचे, मोठ्या वाटीच्या तोंडाएवढे. म्हणून ते वजनाला भारी आणि किमतीला दीड लाखाच्याही पुढे. फी भरणाऱ्या मुलाला ते सुचविणे मला क्रूरपणाचे वाटते. राहिली दोन: ५० चे १.८ आणि ८५ चे १.८. त्याच्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर आठ मीटरांवरून ८५ च्या चौकटीत सव्वादोन मीटरांचा पट्टा मावतो, ५० च्या चौकटीत पावणेचार मीटरांचा. कुस्तीचे वर्तुळ नऊ मीटरांचे. गादीच्या कडेला जागा मिळत असेल तर ५० पुरेसे. दोरीपलीकडे उभे राहावे लागत असेल तर ८५ च हवे.

त्याला मी आधी एक काम सांगितले. जुने १८–५५ चे भिंग ५० वर ठेवून बहिणीच्या तालमीला जा आणि तिथूनच फोटो काढ. चौकटीत ती किती मोठी दिसते ते पाहा. चार दिवसांनी येऊन म्हणाला, “सर, पन्नासनं बहीण लहान दिसते, पंच मोठा दिसतो.” मग ८५. नवे परवडेना, म्हणून कोल्हापुरात वापरलेले पाहायला आम्ही दोघे गेलो. साताऱ्याच्या पावसाळ्यात भिंगाच्या पोटात बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तिचे तंतू टॉर्च लावला तरच दिसतात. पहिल्या भिंगात ते दिसले, दुसरे स्वच्छ निघाले. सौदा तेरा हजारांत झाला.

१.८ वर आठ मीटरांवरून जेमतेम दोन फुटांची खोली रेखीव येते, पुढचे-मागचे धूसर. बहिणीचा खांदा स्पष्ट आणि डोळे पुसट असे फोटो पहिल्या दिवशी ढीगभर निघाले. शिवाय काही फोटो पिवळे, काही काळपट! आपली वीज पन्नास आवर्तनांची, त्यामुळे पुष्कळसे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. कॅमेऱ्यात ‘अँटी-फ्लिकर’ असेल तर ते चालू ठेवावे. आयएसओ ३२०० पर्यंत बेलाशक चढवावा. दाणेदार फोटोत आईला लेक ओळखू येते, हललेल्या फोटोत येत नाही. ढाक मारतानाचा एक फोटो आता त्यांच्या घरी देव्हाऱ्याशेजारी आहे. आईने तो आधी उलटा ठेवला होता म्हणतात. मग सरळ केला.

बुद्धिबळासाठी मात्र यातले काही लागत नाही. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने या खेळाची मोठी परंपरा उभी केली. तिथे हलते फक्त प्यादे, तेही अर्ध्या तासाने. साधे भिंग चालते. शटर तेवढे मुके करता आले पाहिजे. त्या शांततेत एक ‘खट्’ झाले की दोन्ही खेळाडू एकदमच मान वर करून आपल्याकडे पाहतात.