निरंक

परवा एक अर्ज मी बाजूला ठेवला. म्हणजे 'नको'च्या गठ्ठ्यात. थोड्या वेळानं पुन्हा उचलला, म्हणून हे लिहितोय.

इथं विश्रामबागेत ओळखीतल्या मंडळींचं मुलींचं एक छोटं वसतिगृह आहे. तिथल्या स्वयंपाकघरावर देखरेखीला माणूस हवं होतं. अर्जाचा नमुना करायचं काम माझ्याकडे आलं. उभं आयुष्य कचेरीत गेलेलं, दुसरं काय सुचणार? जुना नमुना शोधला आणि कोष्टक जसंच्या तसं उतरवलं. 'यापूर्वीच्या नोकऱ्यांचा तपशील : कार्यालयाचे नाव, धारण केलेले पद, कालावधी, वेतन, सोडण्याचे कारण.' झालं काम!

बाजूला ठेवलेल्या अर्जात या कोष्टकावर एक तिरपी रेघ होती आणि एकच शब्द. 'निरंक'. मग वरचं नाव वाचलं आणि चमकलो. या बाई गेली १४ वर्षं विलिंग्डन आणि वालचंदच्या मुलांना डबे देतात. रोजचे साठेक डबे, हाताखाली दोन बायका, किराणा, गॅस, हिशेबाची वही, आणि परीक्षा संपली की पैसे थकवून गावाला पळणारी पोरं. २०१९ च्या महापुरात नदीकाठची माणसं इकडे आसऱ्याला आली, तेव्हाही यांची चूल बंद नव्हती.

फोन केला. "मावशी, निरंक कसं लिहिलंत?"

"मग काय लिवायचं सर? नोकरी कुठं केलीया मी? पोरगी म्हणाली, आई, निरंक लिहू."

खरंच होतं. मी नोकरी विचारली, त्यांनी प्रामाणिक उत्तर दिलं.

साठच्या दशकात शासनाचा पदनाम कोश निघाला, तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हणून झोडपलं होतं. ती तक्रार अवघड शब्दांची होती. माझी तक्रार अगदी सोप्या शब्दाची आहे. 'नोकरी' कुणाला कळत नाही? कळतो, म्हणूनच तो इतकी माणसं गाळतो. आणि पद 'धारण' करायचं म्हणे! मुकुट आहे का तो?

जनगणनेचाही असाच अनुभव आहे. 'गेल्या वर्षी काही काम केलं का?' असं विचारलं की शेतात राबणारी बाईसुद्धा 'नाही, घरीच असते' म्हणायची, किंवा तिचा नवरा तिच्या वतीनं सांगून टाकायचा. म्हणून १९९१ च्या जनगणनेत त्या प्रश्नाला शेपूट जोडलं : शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी केलेलं कामही धरून. बायका काही त्या वर्षी नव्यानं राबायला लागल्या नव्हत्या. विचारणाऱ्यानं वाक्य बदललं, इतकंच.

माझ्या एका मित्राला हे पटत नाही. 'काम' म्हटलंस तर लोक वाट्टेल ते लिहितील, पुरावा काय, असं तो म्हणतो. अहो, पण अनुभवाचे दाखले तरी काय असतात? मामाच्या दुकानाच्या लेटरहेडवर टाईप केलेले दाखले मी नोकरीत असताना ढिगानं पाहिलेत. साठ डब्यांची आमटी रोज चांगली होते की नाही, हे जेवणारी पोरं सांगतील. त्यांतल्या दोघांचे फोन नंबर मागावेत, संपलं.

तर कोष्टक बदललं. वरती आता 'यापूर्वी केलेली कामे (पगारी, स्वतःची किंवा घरची)'. खाली : काय काम, कुणासाठी, किती वर्षं, कुणाला विचारावं. ज्यांनी ज्यांनी निरंक लिहिलं होतं त्या सगळ्यांना नवा कागद पाठवला. असे पाच जण निघाले. पैकी एक गृहस्थ बहिणीच्या मंगल कार्यालयाची भांडी आणि कोठी वीस वर्षं सांभाळत होते!

मावशींचा कागद काल परत आला. या वेळी पानाच्या मागेही लिहिलंय. 'सोडण्याचे कारण' हा रकाना मात्र माझ्याकडून काढायचा राहून गेला होता. तिथं पोरीच्या अक्षरात लिहिलंय, 'अजून सोडलेले नाही.'

सोमवारी मुलाखती आहेत.